चाकाचे कौतुक पुरे!

दिवाळी जवळ आली की माझ्या शेडवर पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. जालन्याहून वाटूर फाट्यावरून जिंतूरकडे निघालेली मंडळी मंठ्यात चहाला थांबतात. कोणीतरी त्यांना सांगते की गावाबाहेर एक गृहस्थ मातीची भांडी करतो, आणि मग मोटारी माझ्या बाभळीखाली येऊन उभ्या राहतात. माणसे चांगली असतात. मुले चाकाभोवती कोंडाळे करतात, बायका ‘आम्हांलाही एकदा फिरवून बघू द्या’ म्हणतात, पुरुष मोबाइल सरसावून माझ्या हातांचे चित्रण करतात. गोळ्यातून पेला वर उठू लागला की सगळ्यांच्या तोंडून एकच ‘अहाहा’ बाहेर पडतो. मग हात धुऊन, दोन-चार पणत्या कागदात गुंडाळून मंडळी मार्गस्थ होतात.

इतक्या वर्षांत एकाही पाहुण्याने मला ‘तुमची भट्टी कुठे आहे हो?’ असे विचारलेले नाही. भट्टी शेडच्या मागेच आहे. हत्तीएवढी आहे. तिचे धुराडे रस्त्यावरून दिसते. पण ते कशाचे, हे जाणून घ्यावेसे कोणाला वाटत नाही.

माझा राग त्या पाहुण्यांवर नाही. राग आहे तो आपणा सर्वांच्या कौतुक करण्याच्या रीतीवर. जे बघायला गंमत वाटते त्याचे आपण कौतुक करतो आणि ज्यावर माणसाचे पोट अवलंबून असते त्याकडे पाठ फिरवतो. चाक फिरते, हात भिजतात, आकार उमलतो. सगळे कसे नाजूक आणि काव्यमय! भट्टीपाशी मात्र धूर असतो, राख असते, रात्रीचे जागरण असते, आणि चोवीस तास उभे राहूनही पाहण्यासारखे काही घडत नाही. म्हणून पाठ्यपुस्तकातल्या चित्रात चाक, सभेच्या हारतुऱ्यात चाक, सरकारी योजनेच्या छायाचित्रातही चाक. माझे म्हणणे असे की, हे कौतुक आता पुरे झाले. कुंभार तरायचा असेल तर त्याला भट्टी द्या. बाकीचे त्याला येते.

या बाबतीत आपली भाषा आपल्यापेक्षा शहाणी आहे. बेत फसला की आपण ‘भट्टी बिघडली’ म्हणतो आणि गाणे रंगले की ‘भट्टी जमली’ म्हणतो. ‘चाक जमले’ असे कोणी म्हटलेले मी ऐकलेले नाही. अपक्व माणसाला आपण ‘कच्चे मडके’ म्हणतो, वाकड्या घडणीचे मडके म्हणत नाही. मडके वाकडे असले तरी चालते, कच्चे असून चालत नाही, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

आणि गोरोबाकाकांची कथा तर आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. तेर हे आमच्या मराठवाड्यातलेच, आज धाराशिव जिल्ह्यात असलेले गाव. तिथे संतमंडळी जमली असताना गोरोबांनी थापटणे हातात घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवून पाहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा त्यांनी कुरकुर केली, आणि ‘हे मडके कच्चे’ असा निकाल लागला. पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचर भेटले आणि मडके पक्के झाले, असे कथा सांगते. कीर्तनात ही कथा अहंकारावरची म्हणून रंगवली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु एका कुंभाराच्या कानांनी ती ऐका. गोरोबांनी कोणाचा आकार पाहिला नाही, नक्षी पाहिली नाही. त्यांनी वाजवून पाहिले. भाजणी नीट झाली आहे की नाही, एवढीच एक परीक्षा त्या थोर कुंभाराला करावीशी वाटली. सातशे वर्षे आपण ती कथा ऐकतो आहोत आणि तरीही चाकाचेच फोटो काढतो आहोत.

भट्टीत होते तरी काय, ते थोडक्यात सांगतो. वाळलेले मडके दिसायला मडके असते, पण पावसात ठेवले तर तासाभरात चिखल होते. त्याला जाळ लावला की आधी अंगातला ओलावा जातो. इथे घाई केली तर पाण्याची वाफ होऊन भांडे फुटते, म्हणून पहिले काही तास नुसते शेकायचे. मातीच्या कणाकणाशी जखडलेले आणखी एक पाणी असते, ते साडेचारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान निघून जाते. ते गेले की ती माती पुन्हा कधीही चिखल होऊ शकत नाही. पाचशे त्र्याहत्तर अंशांना मातीतली गारेची रेती एकदम फुगते, आणि निवताना त्याच अंशाला एकदम आकसते. तिथे वारा लागला तर चांगले भाजलेले भांडेही तडकते. सातशे-आठशे अंशांवर आपला माठ तयार होतो. आत हवा खेळती असेल तर लाल, धूर कोंडला तर काळा; माती एकच, फरक हवेचा. बाराशेच्या पुढे गेले तर योग्य माती दगडासारखी घट्ट होते, राखेची आणि मातीची झिलई वितळून काचेसारखी अंगावर बसते, आणि तुम्ही ज्यातून कॉफी पिता तो जाड, जड मग जन्माला येतो. घडवायला मला दोन मिनिटे लागतात. पण माती, माठ आणि मग या तीन वस्तूंमधले सगळे अंतर जाळाचे आहे.

आता आमच्या मंठ्यातला आवा पाहा. एक उथळ खड्डा. त्यात खाली गोवऱ्या, वर मडकी, मडक्यांच्या फटींत पुन्हा गोवऱ्या, तूस, भुसा. त्यावर पालापाचोळा, वर राखेचा आणि चिखलाचा लेप. खालून पेटवायचे आणि देवाचे नाव घ्यायचे. हे गावठी म्हणून मी हसत नाही. गवत आणि शेण यांच्या बळावर आठशे अंश गाठणे ही लहानसहान विद्या नव्हे. पण या आव्याला भिंत नाही, छप्पर नाही, धुराडे नाही. निम्म्याहून अधिक उष्णता आभाळात जाते. मधली मडकी करपतात, कडेची कच्ची राहतात. वारा फिरला की एक बाजू काळी पडते. आणि पाऊस आला तर सगळेच संपते.

गावातले एक वृद्ध कुंभार, ज्यांना सगळा गाव मामा म्हणतो, त्यांच्या आव्यावर एका दिवाळीच्या आधी परतीचा पाऊस कोसळला. पणत्यांचा आवा होता. वर्षाची खरी कमाई या आठ-दहा दिवसांची. मी पोहोचलो तेव्हा मामा उकिडवे बसून राखेत हात घालून एकेक पणती चाचपून बाहेर काढीत होते. काही निघाल्या, काहींचे दोन तुकडे निघाले, आणि कडेच्या कितीतरी हातात येताच विरघळल्या. ‘मातीची माती झाली बगा, भाऊ,’ एवढेच ते म्हणाले. तुमच्या-माझ्या बोलण्यात हा वाक्प्रचार असतो. त्यांच्या ओंजळीत ती वस्तुस्थिती होती. ज्या पणत्यांना पाचशे अंशही लागले नव्हते त्यांची अक्षरशः पुन्हा माती झाली होती.

त्यानंतर मामांच्या मुलाने विजेचे चाक घेतले. मंडळींनी नारळ फोडला. चाक उत्तम आहे. काठीने दगडी चाक फिरवून फिरवून मामांचा खांदा कायमचा दुखावला होता, ते कष्ट वाचले आणि मला त्याचा आनंदच आहे. पण हिशेब काय झाला? मुलगा पूर्वीच्या दुप्पट पणत्या घडवू लागला आणि आवा तोच राहिला. म्हणजे तो दुप्पट भाजतो आणि दुप्पट फोडतो. घरात येणारे पाणी वाढवायचे आणि रांजणाची चीर तशीच ठेवायची, असा हा प्रकार आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ साली कुंभार सशक्तीकरणाची योजना काढली. तिचे नाव काढले की लोकांच्या डोळ्यांपुढे विजेचे चाकच उभे राहते. चाक वाटायला सोपे असते. टेम्पोत चढते, व्यासपीठावर मावते, त्याला हार घालता येतो. भट्टी वाटता येत नाही. ती ज्याच्या त्याच्या अंगणात, ज्याच्या त्याच्या मातीला आणि जळणाला जुळवून बांधावी लागते. त्यासाठी कोणीतरी तिथे महिनाभर राहावे लागते. खरी अडचण ही आहे.

मी हे कोणत्या अधिकाराने बोलतो, असे कोणी विचारील. मी जातीने कुंभार नाही. कलाशाळेत मातीकाम शिकलो, शहरात काही वर्षे काढली आणि परत आलो. पोटासाठी भांडी करतो आणि कोणी बोलावले तर भट्ट्या बांधून देतो. माझी पहिली भट्टी मी पुस्तकात पाहून बांधली होती. तिची कमान पहिल्याच भाजणीत तडकली. कमान भिंतींना बाहेर ढकलते, त्यांना लोखंडी पट्ट्यांनी आवळावे लागते, हे पुस्तकात होते पण ते वाक्य मी घाईने ओलांडले होते. कमान दुरुस्त केली तर जाळ एक हजार अंशांवर अडून बसला. आठ तास मी लाकडे कोंबीत होतो आणि अंश चढण्याऐवजी उतरत होते. रात्री मामा शेताकडून येताना थांबले. धुराकडे पाहिले. म्हणाले, ‘जाळाला निस्तं खाऊ घालायलाव, भाऊ. त्याला वारं कोन देनार?’

जगातल्या कोणत्याही भट्टीशास्त्राचा सारांश या दोन वाक्यांत आहे. जळण जास्त झाले की हवा पुरत नाही, धूर होतो, उष्णता धुराबरोबर निघून जाते. मी लाकडे थांबवली, पुढची दोन छिद्रे मोकळी केली आणि पहाटे अंश चढू लागले. नंतर धुराडेही उंच केले. माझ्याकडे तापमापक होता, भट्टीच्या आत वाकणारे शंकू होते, इंग्रजी पुस्तके होती. मामांकडे यातले काही नव्हते. ते छिद्रातून एकदा पाहत आणि जाळाच्या रंगावरून सांगत: अजून तांबूस आहे, आता केशरी झाला, आता पिवळा धरतोय. त्यांचा अंदाज माझ्या तापमापकाच्या फार दूर कधी गेला नाही. आणि तरीही माझा मग शहरातल्या दुकानात काचेच्या कपाटात बसतो, त्यांची पणती रस्त्याकडेला पोत्यावर. मला लोक ‘कलावंत’ म्हणतात, त्यांना ‘ए कुंभारा’ म्हणतात. आमच्या दोघांत प्रतिभेचा फरक असेल तर तो त्यांच्या बाजूने आहे. माझ्या बाजूला आहेत त्या हजारभर भट्टीच्या विटा, चार लोखंडी पट्ट्या आणि एक धुराडे.

‘परंपरा जशी आहे तशीच जपली पाहिजे,’ असे म्हणणारी सुशिक्षित मंडळी मला नेहमी भेटतात. त्यांना आवा रम्य वाटतो. विटांची भट्टी म्हणजे भ्रष्ट आधुनिकता वाटते. त्यांनी प्रवरेकाठच्या जोर्वे गावाची आठवण ठेवावी. तिथे १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि महाराष्ट्राच्या ताम्रपाषाण युगातल्या एका संस्कृतीला त्या गावाचे नाव मिळाले. तीन हजार वर्षांपूर्वीची ती तांबडी, काळ्या रेघांची भांडी इतकी उत्तम भाजलेली आहेत की वाजवली तर धातूसारखी खणखणतात. घोड नदीकाठी इनामगावला पुढे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केले, तेव्हा कुंभाराची भट्टीही सापडली. म्हणजे चांगली भाजणी ही आपल्याकडे साहेबाने आणलेली नाही. परंपरा जपायची तर ती तीन हजार वर्षांची जपा, गेल्या दोनशे वर्षांच्या दारिद्र्यालाच परंपरा म्हणू नका.

भट्टीची विद्या मधल्या काळात आपल्या देशात आलीच नाही असेही नाही. आली, पण गावाच्या वेशीबाहेर थांबली. मुंबईच्या कलाशाळेत १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली झिलईच्या भांड्यांचे काम सुरू झाले. त्या भांड्यांवर अजिंठ्याच्या चित्रांतली नक्षी उतरत असे. अजिंठा आमच्यापासून काही फार लांब नाही. अजिंठ्याची वेलबुट्टी मुंबईच्या भट्टीपर्यंत पोहोचली, मुंबईची भट्टी काही अजिंठ्याच्या मुलखापर्यंत पोहोचली नाही.

पुढे सरदार गुरचरणसिंग जपानला जाऊन आले, तिथल्या कुंभारांत राहिले आणि १९५२ साली त्यांनी ‘दिल्ली ब्लू’ म्हणून गाजलेली भट्टी पेटवली. पुदुच्चेरीत १९७१ साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन जोडप्याने ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ सुरू केली. तिथे शिकलेले कुंभार आज देशभर आहेत. मीकर तर भट्टीचे इतके वेडे की १९८० च्या दशकात त्यांनी कच्च्या विटांची अख्खी घरे बांधून ती घरेच भट्टीसारखी आतून भाजून काढली! आपल्या निर्मला पटवर्धन शांतिनिकेतनात शिकल्या, जर्मनीत शिकल्या, इंग्लंडात बर्नार्ड लीच यांच्याकडे राहिल्या आणि त्यांनी कुंभारांसाठी हातपुस्तक लिहिले. एका मराठी नावाच्या बाईने केलेले हे काम पाहून अभिमान वाटतो. मात्र ते पुस्तक इंग्रजीत आहे आणि मामांचा मुलगा मराठी सातवी शिकलेला आहे.

ज्या लीचसाहेबांचे नाव सगळे स्टुडिओ-कुंभार आदराने घेतात, त्यांची गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९२० साली हामादा या जपानी मित्राला घेऊन ते इंग्लंडच्या सेंट आइव्ज गावी आले आणि त्यांनी चढणीची भट्टी बांधली. ती नीट चालेना. तेव्हा जपानहून मात्सुबायाशी नावाचा तरुण आला. तो पिढीजात कुंभार घराण्यातला आणि भट्टीचा जाणकार होता. त्याने ती भट्टी नव्याने बांधून दिली. सुशिक्षित कलावंताला पिढीजात कुंभाराने तारले, हा या धंद्याचा आरंभ आहे. माझ्या धुराड्यापाशी मामांनी केले ते वेगळे काय? पण जपानात तशा माणसाला गुरू मानतात. आपल्याकडे त्याला बलुतेदार म्हणून धान्याचे एक सूप मिळायचे, आता तेही मिळत नाही.

आणि पिढीजात कुंभाराच्या हाती चांगली भट्टी पडली तर काय होते, याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बिहारातल्या कुंभार घराण्यातले ब्रह्मदेव राम पंडित मुंबईजवळ भाईंदरला स्थायिक झाले, झिलईची उंच भाजणी त्यांनी आपलीशी केली आणि २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विदर्भात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधीवादी कार्यकर्त्याने ग्रामोदय संघ उभा केला आणि गावच्या कुंभाराच्या मातीकामात सुधारणा करण्यासाठी आयुष्य वेचले. वाट आहे. ती कोणीतरी चालून दाखवलेली आहे. आपण तिच्यावर गर्दी केली नाही, इतकेच.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप धुराचा आणि झाडांचा. भट्ट्या वाढल्या तर झाडे तुटतील, म्हणतात. उघड्या आव्यातून जो धूर निघतो तो न जळलेले जळणच असते. भिंत, कमान आणि धुराडे असलेल्या भट्टीत जाळ आधी वर कमानीला आपटतो, तिथून भांड्यांमधून खाली उतरतो आणि जमिनीतल्या मार्गाने धुराड्यात जातो. जाताना तो आपली उष्णता भांड्यांना देऊन जातो. तेवढ्याच जळणात अधिक माल भाजतो आणि फूट कमी होते. जळण कोणते, तर आमचा मुलूख कापसाचा आणि तुरीचा. वेचणी झाली की पऱ्हाट्यांचे आणि तुराट्यांचे ढीग बांधावर पेटवून दिले जातात. त्या जाळात काहीच शिजत नाही, काहीच भाजत नाही. वेडी बाभूळ तर तोडावी तितकी फुटते. माझी भट्टी या दोहोंवर चालते. आंबा-लिंबाला मी हात लावलेला नाही.

दुसरा आक्षेप माठाचा, आणि तो मात्र खरा आहे. फार भाजलेला माठ पाणी गार करीत नाही. माठाचे अंग सच्छिद्र असते, त्यातून पाणी पाझरते, वाऱ्याने उडते आणि उडताना उरलेले पाणी निववते. बाराशे अंशांच्या भांड्यात हे होणार नाही. म्हणून माठ आठशेतच भाजावा, त्यात लीद आणि राख मिसळावी, तो जसा आहे तसाच राहावा. संक्रांतीचे सुगड, अक्षय्यतृतीयेची करा-केळी, नवरात्राचा घट यांनाही झिलई नको. मी कुंभाराला मग करायला लावीत नाही. मी म्हणतो, त्याला निवड द्या. चांगल्या भट्टीत आठशेही गाठता येतात आणि बाराशेही; आव्यात फक्त नशीब गाठता येते. आणि ज्या काळ्या मातीला आपण शेतापलीकडे किंमत देत नाही, ती तर लाव्हारसाच्या खडकाची झीज आहे. बाराशेच्या पुढे नेली की ती पुन्हा वितळू लागते आणि भांड्यावर मधासारखी तपकिरी-काळी झिलई चढते. पूर्णेकाठचा गाळ, पऱ्हाटीची राख आणि शेताची माती एवढ्यांवर मंठ्यात जे भांडे होईल, ते दुसऱ्या कोणत्याही मुलखात होणार नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. मला हसू येते. आमच्याच जिल्ह्यात, जालन्याला, पोलादाचे कारखाने रात्रंदिवस भंगार वितळवून सळया ओढतात. लोखंड वितळायला पंधराशे अडतीस अंश लागतात. म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटरवर पंधराशे अंश सहज नांदतात आणि मंठ्यात एका कुंभाराला भिंतीआडचे एक हजार अंश परवडत नाहीत! त्या भट्ट्यांना लागणाऱ्या अग्निविटा आणि त्या रचणारे कारागीर या जिल्ह्यात आहेत. गावचा गवंडी कमान बांधतो, गावचा लोहार पट्ट्या आवळतो. अडचण पैशाची थोडी आहे, पण लक्ष नसण्याची फार मोठी आहे.

चौथा आक्षेप उघड कोणी बोलत नाही, पण तो सर्वांत खोल आहे. कुंभाराच्या पोराने कुंभारच का राहावे? तो शिकला, नोकरीला लागला तर वाईट काय? वाईट काहीच नाही. जन्माने कोणालाही चाकाला बांधू नये, असे मी शंभरदा म्हणेन. पण आज तो धंदा सोडतो तो आपखुशीने नव्हे. तो वीटभट्टीवर मजुरीला जातो, ऊसतोडीला जातो. जाळाची जाण असलेला माणूस दुसऱ्याच्या विटा वाहतो. मी शहरातून येऊन आवडीने कुंभार होऊ शकलो, कारण माझ्यापाशी निवड होती. तीच निवड मामांच्या मुलाला हवी. राहायचे तर मानाने राहता यावे, सोडायचे तर हौसेने सोडता यावे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या गावी कुंभारांच्या सामाईक मालकीची एक छपराखालची भट्टी असावी. ती बांधताना कुंभारांनाच हाताशी धरावे आणि पहिल्या दहा-बारा भाजण्यांना जाणता माणूस तिथे मुक्कामाला असावा. भट्टी बांधणे, जाळ राखणे, झिलई जुळवणे यांवर सोप्या मराठीत, चित्रांसह लिहिलेली पुस्तके कुंभारवाड्यांत पोहोचावीत. आणि पिढीजात कुंभारांना या शिक्षणात विद्यार्थी म्हणून नव्हे, शिक्षक म्हणूनही बसवावे. जाळाचा रंग मामांइतका चांगला शिकवणारा प्राध्यापक मला अजून भेटायचा आहे.

वाचकहो, तुमच्याकडेही एक मागणे आहे, आणि ते या चार दिवसांतच पुरे करता येईल. पणत्या घ्यायला जाल तेव्हा घासाघीस करण्याआधी एक पणती उचला आणि नखाने वाजवून पाहा. खणखणीत वाजली तर समजा की कोणीतरी तिच्यासाठी रात्र जागली आहे. तिचे पैसे पुरते द्या. बद वाजली तर फेकून देऊ नका आणि कुंभाराला बोलही लावू नका. त्याला एवढेच विचारा, ‘मामा, आवा कुठं लावता? छप्पर आहे का वर?’

मामांना असे कोणी आजवर विचारलेले नाही. यंदा त्यांच्या पणत्या माझ्या भट्टीत भाजल्या. सव्वा दिवस निवू दिल्यावर आम्ही दार उघडले. त्यांनी पहिली पणती काढली, कानाशी नेली, वाजवली आणि माझ्याकडे न बघताच मुलाला म्हणाले, ‘दुसरी दे.’